ज्या गावाचं नाव मी लिहीत नाही

नेपाळ म्हटलं की आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या मुली आधी मोबाईलवर विमानाचे भाव बघतात. काठमांडू, पोखरा, चार रात्री पाच दिवस. परवा भाची म्हणाली, "मावशी, तू तर तिकडे राहून आलीयस. लिही ना, मी टाकते ब्लॉगवर." म्हणून लिहितेय. माझा प्रवास १९६९चा. माझ्याकडे हिमालयाचा एकही फोटो नाही. वाचून कुणाला जावंसं वाटलं तर जरूर जा, देश सुंदर आहे. मात्र मी तिथे फिरायला गेले नव्हते. येशूची सुवार्ता सांगायला गेले होते.

तेव्हा आम्ही भाईंदरजवळ गोडदेव गावात राहत होतो. बाबा मूळचे नगरकडचे, भाईंदरच्या मिठागरावर मुकादम. उत्तनकडे कॅथलिक वस्ती जुनी आणि मोठी, पण आमच्यासारखी प्रॉटेस्टंट घरं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारची उपासना आमच्याच ओटीवर व्हायची आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेब यायचे. मी देशावरच्या एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकून आले होते, वय सव्वीस, लग्न ठरत नव्हतं. त्या वर्षीच्या सभेत पाळकसाहेब म्हणाले, "इतकी वर्षं बाहेरदेशची माणसं आपल्याकडे येतायत. आपल्यातून कोण जाणार?"

मी उभी राहिले. त्या क्षणी मला देवाची हाक ऐकू आली, की सगळी सभा वळून माझ्याकडे बघू लागली ते आवडलं, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही.

माझा खर्च मूठधान्यातून चालणार होता. आमच्यात बायका रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ देवाच्या नावाने बाजूच्या डब्यात टाकतात, ते हे मूठधान्य. ज्यांच्या घरी दुसऱ्या वेळेला पेज असायची त्या बायकासुद्धा टाकत होत्या. पोस्टिंग होतं नेपाळच्या डोंगरातल्या एका छोट्या दवाखान्यात. निघायच्या दिवशी शेजारची जानकीकाकी दारात आली. तिच्या घरचे खाडीत जाळी लावायचे.

"अगो पोरी, हितं आजारी मानसं न्हायत काय? थय कनाला जातंस?"

"काकी, तिथे डॉक्टर पण न्हाय आणि देवाचं नाव सांगणारं पण न्हाय."

"देव न्हाय असा गाव मी बगला न्हाय," काकी म्हणाली आणि माझ्या हातात सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा दिला.

त्या चटणीने लखनौपर्यंत साथ दिली आणि गाडीच्या डब्यातल्या लोकांनी तितकाच राग धरला. इटारसीला एका आजोबांनी सरळ विचारलं, "बेटी, इसमें कुछ मर गया है क्या?" मी म्हटलं, "हां, झिंगा." मग दोघंही हसलो. लखनौला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीने गोरखपूर, तिथून नौतनवा, पुढे सायकलरिक्षाने सोनौलीची सरहद्द. भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, आजही लागत नाही. कमान ओलांडली आणि पलीकडची पहिली पाटी मी घडाघडा वाचली. अक्षरं आपलीच! परक्या देशात आल्यासारखं वाटेचना. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

बुटवलपर्यंत बस. तिथून वर जाणाऱ्या रस्त्याचं काम तेव्हा चालू होतं, आमची वाट त्यापासून फुटून डोंगरात जायची, दोन दिवस पायी. आता तिथवर जीप जाते म्हणे. बुटवलला मला न्यायला बिर्खदाजू आले होते. दाजू म्हणजे थोरला भाऊ. जन्म त्याच डोंगरातला, शिक्षण दार्जिलिंगला, दवाखान्याचे कंपाउंडर आणि आमच्या चारपाच माणसांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सुवार्तिक. माझी ट्रंक त्यांनी टोपलीत घातली, टोपलीचा पट्टा कपाळाला लावला आणि चालायला लागले. पहिल्याच चढावर माझे गुडघे बोलायला लागले, तेव्हा ते थांबले आणि हिंदीत म्हणाले, "दिदी, एक गोष्ट आत्ताच सांगतो. या देशात धर्म बदलला तर वर्षभर कैद. बदलवला तर त्याहून जास्त. परदेशी असेल त्याला बाहेर काढतात. म्हणून आपण आपणहून काही सांगायचं नाही. औषध द्यायचं. कुणी विचारलंच, तर उत्तर द्यायचं."

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

"तर औषध द्यायचं."

वाटेत भट्टीवर मुक्काम. भट्टी म्हणजे वाटेवरचं घरगुती खाणावळवजा घर. जेवणाचे पैसे दिले की चुलीजवळ झोपायला जागा फुकट. डाळभात, तोंडी लावायला आंबवून वाळवलेल्या पाल्याची भाजी. पहिल्या घासाला नकोशी झाली, तिसऱ्याला आवडली. जाणार असाल तर बूट आधी घरी वापरून मऊ करा. मी नवे कोरे घालून गेले होते. दुसऱ्या दिवशी चालताना माझं प्रार्थनेकडे लक्ष नव्हतं, टाचांकडे होतं.

दवाखाना म्हणजे दगडामातीच्या दोन खोल्या, वर लाकडी माळा. परदेशी डॉक्टरीणबाई तीन महिन्यांतून एकदा यायच्या. बाकी सगळं बिर्खदाजू आणि मी. भाजलेलं, कापलेलं, जंत, बाळंतपणं. सकाळी खिडक्या लावून आम्ही प्रार्थना करायचो, गाणी अगदी हळू आवाजात. भाषा मी सहा महिन्यांत बोलायला लागले. लोक गोड होते, काकड्या आणून द्यायचे, हसायचे आणि काहीही विचारायचे नाहीत.

पहिलं वर्ष गेलं. पाळकसाहेबांची पत्रं यायची. मजकूर प्रेमळ, पण शेवटी प्रश्न ठरलेला: "प्रभूने किती जणांची मनं उघडली?" त्या बायका भाताच्या टोपातून मूठ काढतायत हे माझ्या डोळ्यांसमोर असायचं. मी लिहायचे, "प्रार्थना करत राहा." दुसरं वर्षही तसंच सरत आलं. मी गुडघे टेकायचे आणि मागायचे, एक तरी माणूस दे. फक्त एक. आता वाटतं, मी माणूस मागत नव्हते, पत्रात लिहायला काहीतरी मागत होते.

मनमाया पहिल्यांदा आली ती बाळंतपणासाठी. वय वीस असेल. नवरा हिंदुस्थानी लष्करात, वर्षा-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. आधीची दोन मुलं जन्मताच गेलेली. हे तिसरं आडवं होतं. बाहेर सासरा उभा, आत मी आणि ती. अख्खा दिवस लागला. मुलगा झाला, रडला, आणि ती मला म्हणाली, "दिदी, मघाशी डोळे मिटून कुणाशी बोलत होतात?"

तिने विचारलं होतं. मी उत्तर दिलं.

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा यायची, पाठीवर मूल आणि गवताचा भारा. दवाखान्याच्या गाईला गवत घालायचं काम तिने मागून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. योहानाच्या शुभवर्तमानाची नेपाळी पुस्तिका समोर ठेवून मी तिला अक्षरं शिकवली. ती बोट ठेवून वाचायची आणि मध्येच अवघड काही विचारायची. "हा मेलेल्याला जिवंत करतो, तर माझ्या पहिल्या दोघांना का नाही केलं?" मी पाठ केलेलं उत्तर द्यायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे तुम्हाला पण माहीत नाही, ना?" आणि हसायची. तिचा विश्वास माझ्या उत्तरांवर नव्हताच. ती थेट त्याच्याशीच बोलायला शिकली होती, घरच्या माणसाशी बोलावं तशी. गवत कापतानाही बोलायची. तिला शिष्य म्हणायचं तर मी गुरू ठरायला हवं होतं, आणि प्रार्थनेच्या बाबतीत तरी ती माझ्या पुढे निघून गेली होती.

बाप्तिस्मा तिनेच मागितला. बिर्खदाजूंनी तीनदा विचारलं, "काय होऊ शकतं, माहीत आहे ना?" ती म्हणाली, "माहीत आहे." पहाटे ओढ्यावर नेऊन त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. पाणी इतकं गार होतं की ती वर आली तेव्हा ओठ निळे, आणि हसत होती. परत येताना दाजू मला म्हणाले, "दिदी, घरी लिहाल तर नाव लिहू नका."

मी लिहिलं.

तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गावाचं नाव, ओढा, पहाट, सगळं. पाच पानं. पत्र मराठीत, जाणार भाईंदरला. इथे कोण वाचणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे बिननावाची बातमी मला अपुरी वाटत होती. दोन वर्षं मी रिकाम्या हाताने पत्रं लिहिली होती. मला नाव द्यायचं होतं. म्हणून आज या लेखात त्या गावाचं नाव नाही, आणि मनमाया हे तिचं खरं नाव नाही.

पाळकसाहेबांनी ते पत्र मंडळीच्या मासिक पत्रकात छापलं आणि मला आनंद व्हावा म्हणून दहा प्रती पोस्टाने पाठवल्या. गठ्ठा डोंगराखालच्या हुलाकात, म्हणजे पोस्टात, आला. आवरण वाटेत फाटलं होतं की कुणी फाडलं, मला माहीत नाही. तिथल्या कारकुनाने सहज पान उघडलं असेल. मराठी त्याला येत नव्हती, पण अक्षरं त्याचीच होती. गावाचं नाव ओळखीचं. माणसांची नावं ओळखीची. आणि "बाप्तिस्मा" हा शब्द नेपाळीतही जवळपास तोच आहे.

पोलीस आले तेव्हा मनमाया शेतात होती. तिला आणि बिर्खदाजूंना दोरीने हात बांधून सदरमुकामाला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, नेलं. मला हाकिमाच्या, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या, कचेरीत बोलावलं. हाकिम सभ्य माणूस होता, चहा दिला. पत्रक माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "हे तुमचं अक्षर नाही, पण शब्द तुमचेच आहेत. सात दिवसांत देश सोडा." मी म्हटलं, मला शिक्षा करा, तिला सोडा. तो म्हणाला, "ती आजही सुटेल. कपाळाला टिळा लावायचा, 'मी ते सोडलं' एवढं म्हणायचं आणि घरी जायचं. मूल सासऱ्याकडे आहे, रडतंय. तुम्हीच सांगा तिला."

सदरमुकाम दवाखान्यापासून एका दिवसाच्या चालीवर. तुरुंग म्हणजे दगडी भिंतीचं आवार, कैद्यांना तांदूळ मिळायचे, शिजवायचं त्यांचं त्यांनी. फाटकाशी भेटायला देत. मी डाळ, मीठ आणि शाल घेऊन गेले. वाटेत मी प्रार्थना केली का, ते आठवत नाही. एवढं आठवतं की चढावर एकच वाक्य मनात घोळवत होते, तिला कसं सांगायचं ते.

ती फाटकाशी आली. छाती दुखत होती तिची, मूल अजून अंगावर पीत होतं, तशात तिला पकडून आणलं होतं.

मी म्हटलं, "मनमाया, म्हणून टाक. नुसते शब्द आहेत. देव मनातलं बघतो. घरी जा, पोराला घे."

ती म्हणाली, "दिदी, तुम्हाला म्हणायला सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं?"

खोटं बोलायचं नाही, एवढं ठरवलं होतं. "हो," मी म्हटलं. "मी म्हटलं असतं."

"मग मला का शिकवलंत?"

मी शालीची घडी उलगडून पुन्हा घातली. फाटकावरचा शिपाई दुसरीकडे बघू लागला. तिनेच विषय बदलला, जणू मला अवघड वाटू नये म्हणून. "गाईला गवत कोण घालतं आता?" मी म्हटलं, शेजारची म्हातारी घालते. मग तिने विचारलं, "माझं नाव त्यांना कुणी सांगितलं? दाजू म्हणतात त्यांना माहीत नाही. गावात कुणाला कळलं असेल?"

ठरवलेलं सगळं तिथेच संपलं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

तिने मान हलवली. शाल घेतली. "जयमसीह, दिदी," म्हणाली, आणि मी शिकवल्याप्रमाणे तिने दोन्ही हात जोडले. मी वळले ते वळलेच. तीनशे पावलांवर एक पार होता, तिथे बसले. अजून परत जाऊन सांगता आलं असतं. उजेड होता, फाटक दिसत होतं. मी बसून राहिले, मग उठले आणि उतरायला लागले.

परतीच्या वाटेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट, काठी घ्या. बुटवल, सोनौली, गोरखपूर. गाडीत शेजारच्या बाईने पुरी-भाजी दिली, ती हातात तशीच राहिली.

भाईंदर स्टेशनवर मंडळी हार घेऊन आली होती. बातमी माझ्याआधी पोचली होती. आमच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका डोळे पुसत होत्या, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. आपल्या मुठीमुठीतून एक शहीद उभा राहिला, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला साक्ष द्यायला उभं केलं. मी सरळ सांगितलं, "नाव मी लिहिलं. नको सांगितलं असताना लिहिलं. ती माझ्यामुळे तुरुंगात आहे, आणि मी तिला देवाला नाकारायला सांगून आलेय."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "किती नम्र आहे पोरगी!" आणि सगळ्यांनी गाणं सुरू केलं.

फक्त बाबा गात नव्हते. आणि पाळकसाहेब. आठवड्याने पाळकसाहेब एकटेच आले, ओटीवर बसले. बाबा मिठागरावर गेले होते. बराच वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. "सरोज, छापलं मी," ते म्हणाले. "छापण्याआधी मी एकदाही विचार केला नाही. मला वाटलं, लांबचा देश आहे." मी पाणी दिलं. ते म्हणाले, "प्रार्थना करू या?" आम्ही डोळे मिटले. ना त्यांना सुरुवात करता आली, ना मला. थोड्या वेळाने दोघांनी डोळे उघडले, आणि ते उठून गेले. त्यांनी पुढे पत्रक बंद केलं. मूठधान्य बरेच दिवस चालूच राहिलं, माझ्यासाठी नाही, दुसऱ्या कुणासाठी.

मी भाईंदरच्या एका खाजगी प्रसूतिगृहात नोकरी धरली. दोन वर्षांनी बिर्खदाजूंचं पत्र आलं, दार्जिलिंगहून. ते सुटले होते, एका डोळ्याने कमी दिसत होतं. मनमाया वर्षाने सुटली. तिने टिळा लावला नाही. घरी गेली तर नवऱ्याने दुसरी बायको आणलेली, मुलगा तिलाच आई म्हणत होता. सासऱ्याने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दहा-बारा दिवस ती आमच्या बंद दवाखान्याच्या ओसरीवर राहिली, मग रस्त्याच्या कामावरच्या बायकांबरोबर खाली मधेशात, म्हणजे सपाट मुलखात, उतरली असं लोक म्हणतात. पुढचं कुणाला माहीत नाही. पत्राच्या शेवटी दाजूंनी लिहिलं होतं, "ती विचारत होती, दिदींचं पत्र आलं का." मी लिहिलं नव्हतं. कुठे लिहिणार होते, आणि काय? तरी लिहायला हवं होतं.

लोक विचारतात, अजून प्रार्थना करता का? करते. रोज सकाळी बसते, कारण न बसणं त्याहून अवघड जातं. बोलणं होत नाही. तिचं खरं नाव मनात घेते आणि थांबते. पलीकडे कुणी ऐकतं की नाही, हे मला कळेनासं झालंय, आणि ऐकत असेल तर तो तिचं ऐकत असेल, माझं नाही. एवढा विश्वास उरलाय, आणि तोही तिच्याकडून आलेला आहे.

एक गोष्ट राहिली, ती सांगून थांबते. १९७८ असेल. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने वाढत होते, त्यातल्या एकाचा वॉचमन नेपाळी होता. त्याची बायको आमच्याकडे बाळंतपणाला आली. पहिलटकरीण, घाबरलेली, हिंदी धड येईना. मी नेपाळीत बोलले तशी तिने माझा हात घट्ट धरला. मुलगी झाली. धुऊन, गुंडाळून तिच्या कुशीत दिली. मग तिने गाव सांगितलं. ते त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं, आमच्या दवाखान्यापासून अर्ध्या दिवसावर. माझ्या तोंडात प्रश्न आला होता. नाव जिभेवर होतं. हिला माहीत असेल, निदान ऐकून तरी.

"दिदी," तिनेच विचारलं, "तुम्ही आमच्याकडे कधी होतात? काय करत होतात तिकडे?"

मी मुलीचं टोपडं नीट केलं.

"फिरायला आले होते," मी म्हटलं.